लाखोळीची डाळ आणि पांगळेपणाचा नकाशा

पूर्व विदर्भातील धानपट्ट्यातून ऐन हिवाळ्यात प्रवास केला, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. धानाची कापणी आटोपलेली असते, बांध्यांमधून धसकटे उभी असतात आणि त्या धसकटांच्या दाटीतून निळसर फुलांची एक नाजूक, वेलवजा वनस्पती जमीन झाकून टाकते. तिच्यासाठी कोणी नांगर धरलेला नसतो, खत टाकलेले नसते, पाणी दिलेले नसते. हीच लाख, लाखोळी किंवा लाखोरी. भंडारा-गोंदियाकडे तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी आवडीने खाल्ली जाते, पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवला जातो आणि डाळीचे वडेही होतात. हिंदी भाषी प्रदेशात तिला खेसारी, तर छत्तीसगडात तिवडा म्हणतात.

या साध्या कडधान्याच्या नावाशी एक असाध्य रोग जोडला गेलेला आहे. मनुष्याचे कमरेखालचे अंग या रोगात ताठरून जाते आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही. लाखोळी पिकते त्या सर्व प्रदेशात हा रोग सदैव आढळतो असे मात्र नाही. आणि ज्या गावात तो आढळला, तेथेही तो सर्व घरांत शिरला नाही. असे का व्हावे, या प्रश्नाच्या उत्तरात वैद्यकाइतकाच भूगोल आहे आणि भूगोलाइतकेच मजुरीचे अर्थशास्त्र आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. परंतु शासकीय कामानिमित्त या भागात हिंडताना जे प्रश्न पडले, त्यांचा मागोवा घेताना जे वाचनात आले, ते ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडले आहे.

रोग आणि नकाशा

मेंदू, मेरुरज्जू व मज्जातंतू मिळून होणारी आपली मज्जासंस्था ही शरीराची सर्वांत नाजूक यंत्रणा होय. तिच्या अनेक विकारांचे मूळ अनुवंशात किंवा जंतूंत असते. काही विकार मात्र माणूस जेथे राहतो तेथील माती, पाणी, हवा व अन्न यांतून उद्भवतात. अशा विकारांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांचे रुग्ण नकाशावर टिंबांनी दाखविले तर ती टिंबे विखुरलेली न दिसता एखाद्या दरीत, किनाऱ्यावर किंवा पीकपट्ट्यात गोळा झालेली दिसतात.

जपानमधील मिनामाता या गावाचे उदाहरण सुपरिचित आहे. तेथे १९५६ मध्ये हातापायांचा कंप, बधिरता, दृष्टी आकुंचित होणे अशी लक्षणे असलेले रुग्ण अधिकृतपणे नोंदले गेले. ते बहुतांशी उपसागराकाठच्या कोळी कुटुंबांतील होते. गावातील मांजरेही झोकांड्या खात मरत होती. कारखान्याच्या सांडपाण्यातून उपसागरात गेलेला पारा मासळीत साठला होता आणि ती मासळी माणूस व मांजर दोघांच्याही पोटात जात होती. जपान सरकारने हे कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ मध्ये. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात मातीत व पाण्यात आयोडीनची उणीव असल्याने गलगंडाबरोबरच जन्मतः मतिमंद व मूकबधिर मुलांचे प्रमाण अधिक असे. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रयोग केला, त्यातून पुढे राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला.

नकाशाने प्रत्येक वेळी गुन्हेगार सापडतोच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर चामोरो लोकांत स्नायू झिजत जाऊन मृत्यू ओढवणारा एक मज्जाविकार विसाव्या शतकाच्या मध्यास इतर जगाच्या मानाने पन्नास ते शंभर पट आढळत होता. सायकड नावाच्या वृक्षाच्या बियांवर संशय घेतला गेला, अनेक सिद्धांत मांडले गेले. पुढे रोग पुष्कळ ओसरला, पण कारणाविषयी शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. लाखोळीच्या बाबतीत मात्र माती, पीक, विष आणि रोग हे चारही दुवे हाती आलेले आहेत. म्हणूनच अभ्यासासाठी हे उदाहरण फार बोलके आहे.

रोगाचे स्वरूप

मराठीत या रोगास कलायखंज म्हणतात. हे नाव आयुर्वेदातून आले आहे. सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात कलायखंजाचे वर्णन आहे: रुग्ण चालू लागताना कापतो, लंगडत चालतो आणि त्याच्या सांध्यांची बंधने सैल पडलेली असतात. कलाय म्हणजे वाटाण्याच्या जातीचे कडधान्य आणि खंज म्हणजे लंगडा. पुढे सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्रिपुट या तीन कडांच्या दाण्याच्या कडधान्याने खंजत्व व पंगुत्व येते असे स्पष्टच म्हटले आहे. लाखोळीचा दाणा हातात घेऊन पाहिला की हे वर्णन किती नेमके आहे ते कळते. दाणा पाचरीसारखा, कोनेदार, करड्या-तपकिरी रंगाचा असतो.

रोगाची सुरुवात बहुधा अचानक होते. मनुष्य रात्री धडधाकट झोपतो आणि सकाळी उठताना पाय जड झालेले आढळतात. किंवा शेतात काम करीत असता पोटऱ्यांत गोळे येतात, गुडघे वाकेनासे होतात. मेंदूपासून मेरुरज्जूतून पायांच्या दिशेने हालचालीचे आदेश नेणारे तंतू यात निकामी होतात. त्यामुळे पाय लुळे न पडता ताठर होतात, टाचा जमिनीवर टेकत नाहीत आणि चालताना एक पाय दुसऱ्यासमोर कात्रीच्या पात्यांसारखा येतो. बुद्धी शाबूत राहते. स्पर्श कळतो. हात सामान्यतः चांगले राहतात. या रोगाने मृत्यू येत नाही, आयुष्यही फारसे कमी होत नाही. म्हणजे पंचविसाव्या वर्षी ज्याचे पाय गेले, त्याला चाळीस-पन्नास वर्षे त्याच पायांनी काढावयाची असतात.

भारतीय वैद्यांनी या रोगाच्या पायऱ्या ठरविल्या, त्या कोणासही समजाव्यात अशा आहेत. पहिल्या पायरीत रुग्ण काठीविना, पण चवड्यांवर अडखळत चालतो. दुसरीत त्यास एक काठी लागते. तिसरीत दोन काठ्या लागतात. चौथ्या पायरीत गुडघे इतके आखडतात, की उभे राहणे अशक्य होऊन तो दोन्ही हातांवर भार देऊन जमिनीवर सरपटतो. लाखोळी खाणे पहिल्या पायरीवर थांबविले, तर रोग सहसा पुढे सरकत नाही. गेलेली शक्ती परत आणणारे औषध मात्र अद्याप नाही.

शिक्षक व ग्रामसेवक यांनी येथे एक फरक ध्यानात ठेवावा. पूर्वी खेड्यात कोणी पांगळा दिसला की पोलिओ हेच कारण गृहीत धरले जाई. पोलिओत पाय लुळा पडून बारीक होतो व तो बहुधा बालपणीच जातो. कलायखंजात पाय ताठर राहतो, दोन्ही पायांवर परिणाम होतो आणि तो बहुधा ऐन कर्त्या वयात येतो. कण्याच्या क्षयानेही पाय ताठरतात. पण त्यात पाठीत वेदना व कमरेखाली बधिरता येऊ शकते आणि वेळीच उपचार झाल्यास सुधारणा होते. तेव्हा निदान हे डॉक्टरांचेच काम. आपल्याकडून नोंद अचूक व्हावी एवढेच.

जुन्या नोंदी

या रोगाचे दप्तर जुने आहे. जर्मनीतील वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्येच लाखोळीचे पीठ पावात मिसळण्यास मनाई करणारा हुकूम काढला होता. स्पेनमध्ये नेपोलियनच्या स्वारीच्या काळात १८११-१२ साली माद्रिदला दुष्काळ पडला, तेव्हा लोक याच पिठाच्या लापशीवर जगले. गोया या चित्रकाराच्या मुद्राचित्रांत या लापशीबद्दल आभार मानणारे एक चित्र आहे आणि त्यात जमिनीवर आडवी झालेली एक स्त्री दाखविली आहे. रोगास लॅथिरिझम हे पाश्चात्त्य नाव इटलीतील नेपल्स येथील कांतानी यांनी १८७३ च्या सुमारास दिले.

आपल्या देशातील पहिली सविस्तर नोंद एका शासकीय अधिकाऱ्याची आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्यांचे नाव प्रसिद्ध झाले, त्या स्लीमन यांनी सागर भागातील एका गावाची हकीगत १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला. १८३० साली पावसाने दगा दिला. १८३१ साली पिकावर रोग पडला. या तिन्ही वर्षांत गव्हाच्या शेतात वाढणारे तिवडा हे एकच पीक तग धरून राहिले. एरवी ते गुरांना घालावयाचे. परंतु लोकांनी दाणे स्वतःसाठी ठेवले आणि गुरांना पाला व काड दिले. १८३३ मध्ये तिशीच्या आतील माणसांचे पाय एकाएकी जाऊ लागले आणि वर्ष-दोन वर्षांत त्या गावातील जवळजवळ निम्मी तरुण मंडळी कमीअधिक प्रमाणात अपंग झाली, असे स्लीमन लिहितात. एका गावाची ही तीन वर्षांची पीकपाहणी आणि त्यानंतरची पांगळ्यांची मोजणी. आजही रोगाचा माग काढावयाचा झाल्यास याहून वेगळी पद्धत वापरावी लागणार नाही.

त्यानंतर अलाहाबादचे सिव्हिल सर्जन अर्व्हिंग यांनी यमुनेच्या दक्षिणेकडील बारा परगण्याची पाहणी करून १८५९-६० च्या सुमारास आपले निष्कर्ष मांडले. तेथे लोकसंख्येच्या शेकडा तीनहून अधिक माणसे या रोगाने लंगडी झालेली आढळली. पुढे मध्य प्रांतातील १८९६ ते १९०२ या वर्षांतील रोगावर ब्युकॅनन यांचा अहवाल १९०४ साली नागपूर येथे छापला गेला. या वर्षांत मध्य प्रांतावर दोन मोठे दुष्काळ येऊन गेले होते. आजचे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तेव्हा याच प्रांतात होते. म्हणजे या विषयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्याच उपराजधानीत छापलेले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

दुसऱ्या महायुद्धातील एक घटना शास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरली. रुमानियाच्या ताब्यातील युक्रेनच्या भागात व्हाप्निआर्का येथे ज्यू बंद्यांची छावणी होती. १९४२ च्या शरद ऋतूपासून त्यांना जवाच्या निकृष्ट पावाबरोबर रोज सुमारे चारशे ग्रॅम लाखोळी शिजवून दिली जाऊ लागली. काही महिन्यांतच शेकडो बंदी पांगळे झाले. त्यांच्यातीलच एक डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखले आणि बंद्यांनी ते अन्न नाकारले. जमीन, हवामान, वंश, सगळे भारताहून निराळे होते. सारखे होते ते एकच, ताटातील धान्य आणि त्याला पर्याय नसणे.

हेच पीक येथे का

लाखोळीचा पट्टा कसा तयार झाला, हे कळण्यासाठी धानाची जमीन समजून घ्यावी लागते. बांधीतील भारी चिकणमाती पावसाळाभर पाण्याखाली असते. धान निघाल्यावर ती भराभर वाळते, तडकते आणि नांगराला दाद देत नाही. सिंचन नसेल तर रब्बीचे दुसरे पीक घेणे अवघड. यावर शेतकऱ्याने शोधलेला उपाय असा, की धान उभे असतानाच, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, ओल्या बांधीत लाखोळीचे बी फेकून द्यावयाचे. छत्तीसगडात या पद्धतीला उतेरा म्हणतात. बी चिखलात रुजते, कापणीच्या वेळी रोप लहान असते आणि पुढे उरलेल्या ओलाव्यावर व दवावर पीक वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दाणा घरात येतो. पाणी साचले तरी हे पीक सहसा मरत नाही आणि पाणी तुटले तरीही मरत नाही. मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. दाण्यात शेकडा पंचवीस ते तीस इतकी प्रथिने असतात. कोरडवाहू शेतकऱ्याला याहून स्वस्त पीक दाखविणे कठीण आहे.

विषाचा शोध १९६४ साली लागला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अदिगा व सर्मा यांनी, तसेच दिल्लीतील संशोधकांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याचे लांबलचक रासायनिक नाव सोडून आपण त्याला ओडॅप या संक्षेपाने ओळखू. मेंदूत संदेश पोहोचविणाऱ्या ग्लुटामेट या स्वाभाविक द्रव्याशी त्याची रचना मिळतीजुळती आहे. त्यामुळे मज्जापेशी त्यास आपल्यातलेच समजून उद्दीपित होतात आणि हे उद्दीपन थांबत नसल्याने अखेर नष्ट होतात. पायांना आदेश देणाऱ्या लांब तंतूंच्या पेशींना याची झळ सर्वांत अधिक लागते.

आता भूगोलाचा भाग पाहा. ओडॅपचे प्रमाण बियाणाच्या जातीवर अवलंबून असते, पण केवळ जातीवर नाही. पाण्याचा ताण पडला की दाण्यातील ओडॅप वाढते. जमिनीत जस्त कमी असले तरी ते वाढू शकते. आणि पावसाळाभर पाण्याखाली राहणाऱ्या धानाच्या जमिनीत जस्ताची उणीव ही नित्याची तक्रार आहे. म्हणजे दुष्काळी वर्षी इतर सर्व पिके बुडतात, लाखोळी तेवढी टिकते, आणि नेमक्या त्याच वर्षी तिचा दाणा अधिक विषारी असतो. स्लीमनच्या गावात सलग तीन वर्षे काय घडले असेल, याची कल्पना यावरून येते.

मजुरीचे धान्य

एवढे असूनही लाखोळी खाणारा प्रत्येक जण पांगळा होत नाही. विदर्भातील कित्येक शेतकरी पिढ्यान्पिढ्या ती खात आले आहेत आणि आपल्या घरी कोणाचे पाय गेले नाहीत, असे ते सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. भंडारा जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने प्रस्तुत लेखकास, शहरातील लोक आमच्या वड्यांना विष म्हणतात, असे काहीशा रागानेच ऐकविले होते. त्यावेळी उत्तर सुचले नाही. उत्तर प्रमाणात आहे. रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळी असेल आणि असे दोन-तीन महिने किंवा अधिक काळ सतत चालले, तर धोका निर्माण होतो, असे वेगवेगळ्या पाहण्यांत दिसून आले आहे. सोबत भात, गहू, ज्वारी अशी तृणधान्ये पुरेशी असतील तर धोका कमी होतो. कारण लाखोळीच्या प्रथिनांत ज्या गंधकयुक्त अमिनो आम्लांची उणीव असते, ती तृणधान्ये भरून काढतात. भाताबरोबर वाटीभर डाळ किंवा सणावारी वडे खाणारा शेतकरी आणि तीनही वेळा लाखोळीच्याच भाकरीवर राहणारा शेतमजूर, हे एकाच गावात राहूनही वेगवेगळ्या भूगोलात राहत असतात.

मध्य प्रदेशातील रीवा व सतना हे जिल्हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत तेथे या रोगाचे रुग्ण हजारोंच्या संख्येने होते आणि १९६० च्या दशकात द्विवेदी व प्रसाद यांनी तेथे केलेली पाहणी आजही आधारभूत मानली जाते. रुग्ण बहुसंख्येने भूमिहीन शेतमजूर होते. त्यांतील अनेक जण पिढीजात कर्जापोटी जमीनदाराकडे बांधले गेलेले होते आणि त्यांना मजुरी धान्यात, तीही बहुधा लाखोळीत किंवा लाखोळीमिश्रित धान्यात मिळत असे. मालकाने गहू विकावयाचा आणि मजुराला लाखोळी द्यावयाची, असा हा हिशोब होता. कमावता पुरुष ताटातील मोठा वाटा घेणारा व अंगमेहनत करणारा, म्हणून तोच अधिक बळी पडला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्याचे पाय गेले की मालकाला तो नको असे. मग त्याच्या कर्जापोटी मुलगा त्याच धान्यावर कामाला जाई.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. सिंचन वाढले, गहू-तांदूळ स्वस्त धान्य दुकानांतून मिळू लागले, मजुरी रोखीने देण्याची रीत पसरली आणि नवे रुग्ण झपाट्याने कमी झाले. हे श्रेय कोणत्याही एका औषधाचे वा मोहिमेचे नाही. रोगाचे नाव नसलेल्या कायद्यांनी व योजनांनी रोग हटविला, असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही.

बंदी आणि तिच्या मर्यादा

रोगाविरुद्ध थेट योजलेला उपाय विक्रीबंदीचा होता. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ साली ४४-अ हा नियम घालून लाखोळी व तिच्या पदार्थांच्या विक्रीस मनाई करण्यात आली. मात्र ती केव्हा लागू करावयाची हे राज्यांवर सोपविले होते. जेथे पेरा सर्वांत मोठा होता, त्याच राज्यांत अंमलबजावणी रेंगाळली. शिवाय बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. जो मजूर डाळ दुकानातून विकत घेतच नव्हता, ज्याच्या पदरात ती मजुरी म्हणून पडत होती, त्याच्यापर्यंत हा नियम पोहोचणार कसा? उलट बंदीमुळे लाखोळीचा भाव पडला आणि ती तूर व हरभऱ्याच्या डाळीत, बेसनात भेसळीसाठी वापरली जाऊ लागली, असा अनुभव आहे. लेखकाच्या मते बंदीने शहरी ग्राहकाच्या मनात धास्ती निर्माण केली, पण ज्याचे पाय जात होते त्याला ती वाचवू शकली नाही.

पुढे विदर्भातील शेतकऱ्यांकडून व कार्यकर्त्यांकडून बंदी उठविण्याची मागणी जोर धरू लागली आणि महाराष्ट्रात ती उठविण्यात आली. केंद्राच्या २०११ च्या अन्न सुरक्षा नियमावलीत मात्र मनाईची तरतूद कायम राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये ओडॅपचे प्रमाण कमी असलेल्या रतन, प्रतीक व महातिवडा या सुधारित जातींना अनुकूलता दर्शविली. या जातींत ओडॅप शेकडा ०.१ किंवा त्याहून कमी असते. अडचण अशी, की लाखोळीची फुले एका जातीचे परागकण दुसरीकडे जाऊ देतात. बांधीत जुने बी मागच्या वर्षीचे सांडलेले असतेच. म्हणून बियाणे दर काही वर्षांनी बदलणे आवश्यक ठरते. जे पीक शेतकरी फुकटात येते म्हणून घेतो, त्यासाठी तो नवे बियाणे विकत घेईलच असे नाही. कृषी सहायकांना हा अनुभव नवा नसावा.

भिजविण्याचे पाणी

घरगुती उपाय साधा आहे. ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ भरपूर गरम पाण्यात सुमारे दोन तास भिजवून ते पाणी ओतून दिले, तर शेकडा सत्तर ते ऐंशी इतके विष निघून जाते. उकड्या तांदळासारखी प्रक्रिया केल्यास त्याहूनही अधिक जाते. ते पाणी आमटीत वापरू नये. नुसती डाळ भाजून किंवा दळून मात्र पुरेसा उपयोग होत नाही, हे सांगणे अगत्याचे आहे. कारण पीठ करून भाकरी थापणे हाच गरिबाघरचा रिवाज होता.

हा उपाय कागदावर जितका सोपा, तितका टंचाईच्या दिवसांत सोपा राहत नाही, याचे प्रत्यंतर आफ्रिकेतून येते. मध्य आफ्रिकेतील काँगोत १९३८ साली कोंझो नावाच्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. स्थानिक भाषेत याचा अर्थ बांधलेले पाय. हाही अचानक येणारा, कायमचा, दोन्ही पाय ताठरविणारा रोग. तेथील कडू कसावा या कंदात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात आणि कंद कित्येक दिवस भिजवून, वाळवून मगच खावा लागतो. बायकांना ही रीत पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात १९८१ च्या दुष्काळात इतर पिके गेली, कसावा तेवढा उरला, तोही नेहमीपेक्षा अधिक कडू. घरात मुले भुकेली असताना कंद दिवसेंदिवस भिजत ठेवणे कोणाला जमणार? प्रक्रिया आखडती झाली आणि हजाराहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, पांगळी झाली. इथिओपियाच्या डोंगराळ भागात लाखोळीनेच असे उद्रेक अलीकडे, १९९० च्या दशकातील दुष्काळानंतरही घडविले आहेत.

आपल्या धानपट्ट्यात आज नवा रुग्ण सहसा दिसत नाही. तथापि सलग दोन वर्षे धान बुडाले, स्वस्त धान्य वेळेवर आले नाही, किंवा एखाद्या पाड्यावर शिधापत्रिकाच नसलेली कुटुंबे राहिली, तर घरातील कणगीत काय शिल्लक आहे याकडे ग्रामपंचायतीचे लक्ष असावयास हवे. अशा वर्षी तलाठ्याच्या पीकपेऱ्यात लाखोळीचे क्षेत्र एकाएकी वाढलेले दिसते आणि बाजारात मात्र ती आलेली दिसत नाही. याचा अर्थ ती घरात खाल्ली जात आहे. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या घरोघरी जातातच. त्यांनी चुलीवर काय शिजते एवढे विचारले, आणि पंधरा ते चाळीस वयाचा कोणी सकाळी उठताना पाय जड झाल्याची, पोटऱ्यांत गोळे येत असल्याची तक्रार करीत असल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविले, तर तो माणूस पहिल्या पायरीवरच राहील. नोंदीच्या वहीत रकाना नवा आखण्याची गरज नाही. अपंगांच्या यादीत पाय लुळा की ताठर, कोणत्या साली गेला आणि त्या साली घरात कोणते धान्य होते, एवढे तीन शब्द अधिक लिहावे लागतील. अर्व्हिंगने बारा परगण्यात गावोगाव हेच विचारले होते.

बाजारातील डाळीविषयी शंका आल्यास शाळेच्या प्रयोगशाळेतही एक प्राथमिक तपासणी करता येते. डाळीच्या नमुन्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून भांडे मंद उकळत्या पाण्यावर पंधरा मिनिटे ठेवावे. गुलाबी रंग आल्यास लाखोळीची भेसळ संभवते. डाळीस मेटॅनिल यलो हा बंदी असलेला पिवळा रंग लावलेला असेल तरीही आम्लाने गुलाबी छटा येते, पण ती थंड असतानाच व तत्काळ येते. हा फरक विज्ञान शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आधी दाखवून ठेवावा आणि नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवावा.